बारा खुंट्यांची फळी

३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मागच्या पत्रात तू विचारलंस, की मिस्त्री सध्या नुसता भुसा उडवतो की काही करतोही? तर ऐक. या वर्षात या दोन हातांनी केलं ते असं: औषधवाल्यासाठी चोवीस खणांचं कपाट, एकही खिळा न मारता, कुठलाही खण करंगळीने ओढून बघावा. वाचनालयासाठी फिरती मांडणी, पुस्तकांनी गच्च भरली तरी एका बोटाने फिरते. दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी बाक, ज्याच्या पाठीचा उतार आधी माझ्याच पाठीवर बेतला. समोरच्या घड्याळजीसाठी हत्यारांची पेटी. स्वतःसाठी एक गुण्या, कारण बाजारातून आणलेल्या गुण्याचा काटकोन केसभर खोटा निघाला. आणि नातवासाठी, गोट्यासाठी, चाकांचा घोडा. दोरी ओढली की कान हलतात. मी कुठल्या शाळेत हे शिकलो नाही, कुणा उस्तादाचे पाय चेपले नाहीत. बघून, मोजून आणि लाकूड वाया घालवून शिकलो. रंग आणि पॉलिश तेवढं हिच्याकडे. त्या कामाला चिकाटी लागते, डोकं नाही, म्हणून पहिल्यापासून हिच्यावर सोपवलंय.

हे सगळं पाल्हाळ एवढ्यासाठी, की माझं माप चुकत नाही याची तुला आठवण राहावी. कारण पुढे जे लिहितो ते वाचून तू हसणार, हे मला माहीत आहे.

चिमीचं सासरहून पत्र आलं. शाळेत गोट्याला झाड काढायला सांगितलं होतं. पोराने खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. बाईंनी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. तेव्हापासून पोरं त्याला 'वाळक्या' म्हणतात. आता तो रंगपेटी उघडत नाही आणि सकाळ झाली की पोट दुखतं म्हणतो. चिमी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, की याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. जन्माचं आहे, औषध नाही, घराण्यातून येतं.

घराण्यातून येतं! कुठल्या घराण्यातून? चिमी पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवते. माझ्या नजरेचं तर तुला सांगायला नको, दोन फळ्यांमधली केसाएवढी फट मला खोलीच्या दारातून दिसते. म्हणजे हा दोष तिकडचा. आमचे व्याही कापड रंगवण्याचा धंदा करतात, हे खरं. पण मी डोळ्यांनी पाहिलंय, ते गल्ल्यावर बसतात आणि हौदाशी कारागीर असतात. रंगाऱ्याचे डोळे खोटे आहेत असं बाहेर कळलं तर दुकानाला कुलूप लागेल. मग माणूस लपवणार नाही तर काय करणार? लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या एका कपाटावर हात फिरवून त्यांनी दोनदा विचारलं होतं, की हा रंग कुणी दिला. एकदा विचारलं तर कौतुक. दोनदा विचारणाऱ्याला काहीतरी दिसत नसतं.

मी वाचनालयातून आनुवंशिकतेवरचं पुस्तक आणलंय. मटारच्या वेलांची गोष्ट आहे. उंच आणि बुटक्या वेलांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे उंच येतात. बुटकेपणा मरत नाही, आत दबून बसतो आणि नातवंडांत पुन्हा उगवतो. आजोबांत आहे, बापात दबलाय, नातवात उगवलाय! व्याही, जावई, गोट्या. माझ्या गुण्यावर ठेवून बघ, काटकोन बरोबर बसतो. शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिलीत.

आता काम. तुझ्या शिवणदुकानातले उरलेसुरले धागे पाठव, बारा रंगांचे. मी फळीवर बारा खुंट्या ठोकून ते गुंडाळणार आणि व्याह्यांची परीक्षा घेणार. रंगांची नावं लिहून पाठवू नकोस, मला डोळे आहेत. आणि हिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. ती विहीणबाईंच्या बाजूची आहे. परीक्षेत व्याही पडले, की मी लेखी कबुली मागणार. ती मिळेपर्यंत चिमी आणि गोट्या इथे येऊन राहतील. फसवून नेलेली मुलगी मी तिथे ठेवणार नाही.

भाच्यांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आणि विश्वास, दोन्ही राहू दे.

तुझा,
मिस्त्री


९ जून

चि. मिस्त्रीस,

अ. उ. आ. धागे सोबत आहेत. दुकानातल्या मुलींनी कात्र्यांखालचा कचरा निवडून दिला, आणि तुझा भाऊ आता भरतकाम करणार का म्हणून विचारून घेतलं. मी म्हटलं, त्याहून नाजूक काम काढलंय, व्याह्यांची अब्रू उसवायची आहे.

अरे, चार मटार सोलून लगेच न्यायाधीश झालास? दोनदा विचारलं म्हणजे चोर, या हिशेबाने माझ्या दुकानात येणारी प्रत्येक बाई तुरुंगात जाईल. मापं दिल्यावरही त्या चारचारदा विचारतात. आणि तुझ्या मटारच्याच कायद्याने बोलायचं तर दबलेला गुण दोन्हीकडून आला तरच वर येतो. एकट्या व्याह्यांना धरून कसं चालेल? राहिलेली दोन प्रकरणं आधी वाच. अर्धं बेतून कात्री चालवणाऱ्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवते.

नावं लिहून देऊ का, हे मी पुन्हा एकदा विचारते. हट्टाने नको म्हणशील, तरी विचारते. वहिनीपासून हे का लपवतोस? इतकी वर्षं रंगाचं सगळं तिच्या हातात आणि रंगाच्याच परीक्षेला ती नको, हे मला खटकतंय. ती अजून पॉलिशच्या बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधते का? एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी?

आपले आजोबा, आईचे वडील, टोमॅटो तोडून आणायचे ती टोपली तुला आठवते का? अर्धे पिकलेले, अर्धे कच्चे. आजी रोज ओरडायची आणि ते रोज म्हणायचे, की उजेड कमी होता. आज अचानक आठवलं. आणि माझा थोरला आगगाडी चालवायच्या नोकरीसाठी गेला होता, तिथून तो परत का आला हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू मात्र 'डोळ्यांमुळे' एवढंच ऐकून चष्मा लाव चष्मा लाव म्हणून त्याची थट्टा केलीस. सांगेन कधीतरी.

घाई करू नकोस. चिमी तिथे सुखात आहे, हे विसरू नकोस. धाकट्या भावावर जेवढी माया करावी तेवढी करतेच, थोडी कमी व्हायची वेळ आणू नकोस.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चोर सापडला.

तुझे टोमॅटो आणि तुझी आगगाडी बाजूला ठेव आणि नीट वाच. फळी सागवानी, गुळगुळीत रंधलेली. बारा खुंट्या, सारख्या उंचीच्या, सारख्या अंतरावर, खाली आकडे कोरलेले. ही बाजारात गेल्यावर खिडकीपाशी बसून एकेका खुंटीसमोर रंगाचं नाव लिहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. हिच्या मदतीशिवाय, माझ्या डोळ्यांनी. काही धागे तू फारच जुनाट पाठवलेत, सात-आठ वेळा उजेडात धरावे लागले. पण शेवटी ठरवलं.

व्याह्यांना गल्ल्याच्या मेजासाठी लाकूड दाखवतो म्हणून बोलावलं. चहा झाल्यावर फळी पुढे केली आणि म्हटलं, गोट्यासाठी खेळ केलाय, जरा नावं सांगा बघू. माणूस हौसेने सांगायला लागला. बारापैकी पाच चूक! तीन नंबरचा धागा हिरवा, हे म्हणाले तपकिरी. पाच नंबर तपकिरी, यांनी लाल सांगितला. आठ नंबर स्वच्छ राखाडी, तर म्हणे फिका गुलाबी. नऊ नंबरच्या निळ्याला जांभळा म्हणाले. अकरा नंबर केशरी, त्याला पोपटी! शिवाय नुसतं तपकिरी म्हणून थांबत नाहीत, विटकरीकडे झुकणारा तपकिरी, वाळत आलेल्या डाळिंबाचा लाल, असली विशेषणं. ज्याला खात्री नसते तो शब्द वाढवतो.

मी प्रत्येक वेळी म्हणत होतो, बघा हं, नक्की ना? अकराव्या खुंटीला मी म्हटलं, हा केशरी नाही वाटत तुम्हाला? तर त्यांनी फळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मघाचा बोलका माणूस एकदम गप्प. पकडला गेलेला माणूस असाच गप्प होतो. मग लाकूड न बघताच उठले. दाराशी ही भेटली, तर तिच्याशी हळू आवाजात दोन मिनिटं काहीतरी बोलले. मला बघितल्यावर दोघंही हवेबद्दल बोलायला लागले. हिला विचारलं काय म्हणत होते, तर म्हणाली काही नाही. ताई, माझ्याच घरात मला 'काही नाही' ऐकवलं जातंय.

फळी, माझा कागद आणि त्यांची उत्तरं पार्सलने तुझ्याकडे पाठवली आहेत. तू रंगांत वावरणारी बाई आहेस; वाचून खाली सही कर, साक्षीदार म्हणून. व्याह्यांना पत्र लिहून तयार आहे. त्यात सगळं मुद्देसूद घातलंय: दोष लपवून लग्न केलंत, माझ्या नातवाचं वर्गात हसं झालं, लेखी कबुली द्या, नाहीतर मी मुलगी घेऊन येतो आणि कारण चारचौघांत सांगतो. रविवारपर्यंत तुझ्या सहीची वाट बघेन.

तुझ्या मायेत कपात नसावी.

तुझा,
मिस्त्री


२५ जून

मिस्त्री,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच: ते पत्र टाकू नकोस.

पार्सल आल्यावर मी तुझा कागद खाली झाकून ठेवला आणि फळी दुकानातल्या तिघींपुढे एकेक करून धरली. मग मापं द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकालाही विचारलं. चौघींनी व्याह्यांची उत्तरं दिली, पाचवी मी. तीन नंबर तपकिरी आहे रे. पाच नंबर लाल आहे. आठवा धागा माझ्याच गुलाबी पोलक्याचा आहे, मीच कापून टाकलाय, राखाडी म्हणतोस तो! परीक्षेत एकजण पडलाय हे खरं. पण ती फळी करणारा.

आता नीट बस आणि ऐक. मी हे आज शिकलेले नाही. थोरल्याला रेल्वेने नाकारलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांना मी दोन तास सोडलं नव्हतं.

शिवणाच्या भाषेत सांगते. प्रत्येक माणसाच्या अंगात कापायच्या कागदी नमुन्यांच्या जोड्या असतात. पुस्तकात गुणसूत्रं म्हणतात, मी नमुने म्हणते. जोडीतला एक आईने दिलेला, एक बापाने. तुझे मटार इथवर बरोबर आहेत. पण एक जोडी निराळी आहे, तिच्यावर मुलगा की मुलगी हे ठरतं. बाईकडे त्या जोडीत दोन लांब नमुने. पुरुषाकडे एक लांब, एक आखूड. लाल-हिरवं ओळखायची खूण लांब नमुन्यावर असते, आखूड नमुन्यावर नसतेच. बाईचा एक नमुना फाटका असला तर दुसरा काम भागवतो, म्हणून तिला बहुधा काही जाणवतही नाही. पुरुषाकडे दुसरा नाही. फाटका मिळाला की फाटकाच.

आता सांग, मुलाला लांब नमुना कोण देतं? बापाने आखूड दिला म्हणूनच तो मुलगा झाला. म्हणजे लांब आईकडूनच. जावयाने गोट्याला आखूड दिलाय, त्यावर ही खूण नाहीच. व्याही सगळे रंग बघोत की एकही न बघोत, गोट्यापर्यंत त्यांच्या बाजूने हा रस्ताच येत नाही. गोट्याला जे आलं ते चिमीकडून. चिमीकडचे दोन नमुने, एक वहिनीचा आणि एक तुझा. तुझ्याकडे द्यायला एकच होता. एखादीला आईकडूनही फाटका येऊ शकतो. पण तुझी फळी बघितल्यावर वहिनीकडे बोट दाखवायला मला तोंड नाही.

आजोबा, नातू हे तू बरोबर धरलंस. आजोबा चुकीचा धरलास.

आणि तुला कुठून आलं? आईकडून. आईला टोमॅटोवाल्या आजोबांकडून. आईचा फाटका नमुना तुलाही मिळाला आणि मलाही. मला बाबांचा धड मिळाला म्हणून मी दुकान चालवते. तू मुलगा, तुला तो मिळणार नव्हता. माझ्या दोन मुलांत थोरल्याला फाटका गेला, धाकट्याला धड. नाणं उडवावं तसं आहे, कुणाच्या हातात नाही. कुणी लपवलं नाही, कुणी फसवलं नाही.

वहिनीला जाब विचारू नकोस. नुसतं बघ. आता आशीर्वाद घे, आणि पाकीट फाडून टाक.

तुझी,
ताई


१ जुलै

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी मी पाकीट टाकलं होतं. रविवारपर्यंत धीर निघाला नाही.

तुझं पत्र वाचून पहिला विचार आला तो लिहितो: तुम्ही सगळे मिळालेले आहात. व्याह्यांनी हिला दाराशी सांगितलं, हिने तुला कळवलं, तू चार बाया उभ्या केल्यास. म्हणून मी आणखी धागे मिळवून नवी फळी केली आणि ज्याचा कुणाशी संबंध नाही असा माणूस शोधायला निघालो. घड्याळजीची उत्तरंही माझ्या कागदाशी जुळली नाहीत. पण तो हिच्या हातचा चहा पितो, म्हणून त्याला बाद केलं. मग चौकातल्या फळवालीकडे गेलो. तिनेही तेच सांगितलं. मी तिला विचारलं, तू कुठल्या रंगाऱ्याला ओळखतेस का? ती म्हणाली, दादा, घ्यायचं असेल तर घ्या, पेरू घ्यायला कसली चौकशी लावलीय! मग रस्त्यात भेटेल त्याला दाखवली. एक अनोळखी पोस्टमन, एक शाळकरी मुलगी, उत्तरं तीच. एवढी माणसं फितवायची तर मोठा कट लागेल. इतका मोठा कट माझ्यासाठी कोण करणार, असं शेवटी माझ्याच मनात आलं, आणि मी घरी परतलो.

राहिलेली दोन प्रकरणं वाचली. तुझे लांब-आखूड नमुने तिथे आहेत, फक्त अक्षरांच्या नावांनी.

मग एक केलं. ही बाहेर गेल्यावर पॉलिशच्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्यातले दोरे सोडले आणि बाटल्या उलटसुलट लावल्या. मला वाटायचं, ते दोरे हिच्या सोयीसाठी आहेत. बायकांना नावं वाचायचा कंटाळा. ही आली, बाटल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका दोऱ्याचीही मदत न घेता सगळ्या बाटल्या पहिल्या जागी लावल्या. मग बसून पुन्हा प्रत्येक गळ्यात दोरा बांधला, गाठी मोजून.

मला नुसतं बघायला सांगितलं होतंस, पण मला राहवलं नाही. विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. एका कपाटाच्या डाव्या दाराला मी अक्रोडी पॉलिश दिलं होतं आणि उजव्याला तांबडं. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, नवीन फॅशन दिसते. त्या दिवशी तिने ब्रश स्वतःकडे घेतला. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही ऐकलं असतं का?

मी तिच्यावर रागावलोय की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. ज्या घरात मला सगळं मोजता येतं असं वाटायचं, तिथे बाटल्यांच्या गळ्यापासून माझी सोय केलेली निघाली. आणखी काय काय लपवलंय, हे आता शोधावं लागणार.

पण खरी धास्ती त्या पाकिटाची. व्याह्यांनी ते घरात वाचून दाखवलं तर चिमी तिथे मान वर करू शकणार नाही. तिला आणायची धमकी मी दिली. आता त्यांनीच पाठवलं तर?

लोभ किती ठेवावा हे तूच ठरव.

मिस्त्री


४ जुलै

रा. रा. व्याही यांस,

स. न. वि. वि. आपलं पत्र पोचलं. दुकानाच्या पत्त्यावर आल्यामुळे हौदाच्या कडेला उभा राहूनच उघडलं. पहिल्या चार ओळी वाचतो न वाचतो तोच कागद हातातून सुटला आणि निळीच्या हौदात गेला. बांबूने काढला, पण एक अक्षर लागत नाही. कागद मात्र सुरेख रंगलाय, डाग नाही, पट्टा नाही. तेव्हा आपण काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही, आणि घरात कुणालाच नाही. महत्त्वाचं असेल तर आपण पुन्हा लिहालच.

आपलं कपाट पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, रंग कुणी दिला म्हणून. आपल्याला ते आवडलं नव्हतं, हे तेव्हाच कळलं होतं. तो अक्रोडी रंग मला आयुष्यभर साधला नाही हो. गेल्या महिन्यात निघताना दाराशी विहीणबाईंना तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या हसून म्हणाल्या, कृती घराबाहेर जात नाही. संशय घ्यायचा तर त्यांच्यावर घ्या.

फळी बघून मी गप्प झालो, त्याचं कारण आपल्याला आता माहीत असावं असा माझा अंदाज आहे. आमच्या धंद्यात पोरगं कामाला ठेवायच्या आधी धागे दाखवायची पद्धत आहे. जे पोर धागे चुकतं त्याला मी विचारतो, आईचे वडील किंवा मामा असे आहेत का? बऱ्याचदा हो म्हणतं. ठिपक्यांची पुस्तकं आली त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही हे विचारत आलोय. त्यामुळे डॉक्टर बोलले तेव्हा मला आपला चेहरा दिसला होता. चिमीला मी काही बोललो नाही, आपल्यालाही नाही. बापाबद्दल मुलीला कळायचं ते बापाकडून कळावं.

पण गोट्याचं काय करायचं? रंगपेटी अजून बंद आहे. काल मला म्हणाला, आजोबा, तुमच्या दुकानात मी येणार नाही, तिथे सगळेच रंग आहेत. ते मला फार लागलं. मला रंग कळतो, लाकूड कळत नाही. आपलं उलट आहे. दोन आजोबा मिळून एक डोकं होईल का, एवढं कळवावं.

चूकभूल पोटात घालून स्नेह वाढवावा.

आपला,
व्याही


२२ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझा राग गेला असं थोरल्याने कळवलं. मी त्याला पत्र टाकलं होतं. काय लिहिलं ते त्याने तुला सांगितलं नसेल तर विचारू नकोस. मामा-भाच्याचं आहे. नमुना एकच.

तुला पेटीबद्दल सांगायचंय. चौदा रंगकांड्या, प्रत्येकीला मी कातलेली लाकडी मूठ. मुठीवर खाचा: लाल एक, हिरवा दोन, तपकिरी तीन. निळा मधोमध गोल घेरलेला, तो डोळे मिटून कळतो. खाचांची कल्पना हिच्या गाठींवरून घेतली, हे तुला म्हणून सांगतो. तिला मी सांगितलेलं नाही, पण पेटी बघून ती ज्या तऱ्हेने हसली त्यावरून ओळखलं असणार. कांड्यांचे रंग व्याह्यांनी स्वतः घोटले. कुठली कांडी कुठल्या मुठीत बसवायची ते हिने ठरवलं. मी फक्त बसवल्या. माझ्या कामात दुसऱ्याच्या शब्दावर मी पहिल्यांदाच खिळा मारला, म्हणजे खिळा नव्हताच, सरस होता.

गोट्याला समोर बसवून सांगितलं, की मलाही तसंच दिसतं. तुझ्या झाडात मला काही चुकलेलं दिसलं नाही. त्याने मला विचारलं, मग तुम्हाला वर्गात काय म्हणायचे? मी म्हटलं, मिस्त्री. मग त्याने पेटी उघडली. पहिलं चित्र माझं काढलं, तोंड हिरवंगार. चिमी घाईघाईने म्हणाली, बाळा, हा हिरवा आहे. तर म्हणतो, माहितीये, दोन खाचा आहेत, मुद्दाम दिलाय. हिला हसू आवरेना. व्याही म्हणाले, साम्य चांगलं साधलंय. मला त्यात हिरवं काही दिसलं नाही, पण नाक बरोबर होतं. आता तो शाळेत जातो. बाईंना चिमी भेटून आली.

व्याह्यांवरचा माझा संशय मात्र गेलेला नाही. ज्या माणसाने जन्मभर हौदाच्या काठावर उभं राहून कापडाचं एक थान हातातून निसटू दिलं नाही, त्याच्या हातून कागद कसा पडेल? त्याने ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय आणि मग टाकलंय. मी हे त्यांना कधी विचारणार नाही, आणि ते कधी सांगणार नाहीत. गल्ल्याचं मेज करून दिलं आहे. पैशाची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही नाही. रंग हिनेच दिला, अक्रोडी. कृती अजून घरातच आहे.

थकव्याचा डोळ्यांवर परिणाम होतो, तेव्हा जास्त शिवत बसू नकोस. लोभ आहेच, तो मोजायची सवय सोडतोय.

तुझा,
मिस्त्री

ता. क. शाळेच्या सामानाचा मोठा दुकानदार पेटी बघायला आला होता. पाचशे पेट्या हव्यात, निम्मे पैसे आगाऊ, लाकूडही तोच पुरवणार. अट एकच, झाकणावर छापायचं: 'दृष्टिदोष असलेल्या मुलांसाठी'. मी म्हटलं, नुसतं 'रंगपेटी' छापा. तो म्हणाला, मग खपणार नाही, दोष लिहिला तरच आईबाप घेतात. मी पेटी त्याच्या हातातून काढून घेतली, झाकण लावलं आणि त्याला दार दाखवलं. दारातून तो परत वळला आणि आकडा वाढवला. मी नाही म्हणालो. दोन लाख चाळीस हजारांना.